बट्टा

"गुरुजी, हे नाणं चालत न्हाई. नोट द्या."

२०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या आठवडी बाजारात एका भाजीवालीनं माझ्या वडलांना हे ऐकवलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारी पिशवी धरून उभी होते. अण्णांनी शेपूची जुडी आणि पावशेर दोडका घेतला होता. वीस रुपये झाले. त्यांनी बंडीच्या खिशातून दहाची दोन नाणी काढून तिच्या पोत्यावर ठेवली. बाईनं ती उचललीसुद्धा नाहीत, एका बोटानं परत ढकलली.

"कोण म्हणतं चालत नाही?"

"समदेच म्हनत्यात. ह्याच्यावर पंधरा रेघा हायत. दहा रेघाचं खरं आसतंय, पंधरा रेघाचं खोटं."

अण्णांनी नाणी उलटीपालटी करून पाहिली. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला बाजारात उभं राहून रेघा मोजाव्या लागल्या. पंधराच होत्या. मी पर्समधून नोट काढली, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं. भाजी तिथंच ठेवून ते घरी निघाले. वाटभर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "आबांच्या हालीसारखं झालं बघ."

हालीची गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली होती. तरी त्या दिवशी ती पहिल्यांदा नीट ऐकली असं मला वाटतं.

आमचं गाव येडशीजवळचं, धाराशिव जिल्ह्यातलं. माझे आजोबा, म्हणजे आबा, तरुण होते तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. पण बार्शी इंग्रजांची. जवळजवळ चहूबाजूंनी निजामाच्या गावांनी वेढलेली, तरी इंग्रजांचीच. आमच्या भागातला माल जायचा बार्शीच्या आडत्याकडे, कारण तिथं भाव बरा आणि तिथं रेल्वे. बार्शी लाइटची छोटी गाडी १८९७ साली कुर्डुवाडीकडून बार्शीला आली आणि पुढं येडशीवरून लातूरपर्यंत गेली. पण आबा गाडीत बसायचे ते क्वचित. ते बैलगाडीनंच तुरी आणि करडई घेऊन जायचे. वाटेत करोडगिरीचा नाका लागायचा. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारची जकात. या नाक्याची आठवण सांगताना आबांचा आवाज आपोआप खाली यायचा, नाकेदार अजून कुठंतरी ऐकत असल्यासारखा.

आबांच्या कमरेला दोन कसे असायचे. डाव्या कशात हाली, उजव्या कशात कलदार. हाली म्हणजे निजामाचा रुपया. हाली हा शब्दच 'सध्या चालणारा' या अर्थाचा. त्याच्यावर चारमिनार आणि चारमिनारच्या कमानीत एक उर्दू अक्षर. मीर महबूब अलीच्या रुपयावर मीम, उस्मान अलीच्या रुपयावर ऐन. आबांना उर्दू येत नव्हतं, पण तेवढं एक अक्षर यायचं. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया, कळीवर, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. त्याच्यावर राणी, नाहीतर राजा. आडत्या पैसे द्यायचा कलदारात. पण शेतसारा भरायचा तो हालीत. मग मध्ये बसायचा सराफ.

सरकारी भाव होता सात हालीला सहा कलदार. बारकाईनं सांगायचं तर ११६ रुपये १० आणे ८ पै हाली म्हणजे १०० रुपये कलदार. आबांना हे तोंडपाठ होतं, शाळेत एक दिवस गेले नसूनसुद्धा. पण सराफ या भावानं कधी द्यायचा नाही. तो रुपया दगडावर टाकायचा, कान देऊन आवाज ऐकायचा, मग म्हणायचा, "घासलेला आहे, बट्टा लागेल." बट्टा म्हणजे नाण्याच्या बदल्यात कापून घेतलेली रक्कम. आपण एखाद्याच्या नावाला बट्टा लागला म्हणतो, तो बट्टा या सराफाच्या गादीवरून आपल्या बोलण्यात आला. आपली कितीतरी आडनावंही त्याच गादीभोवतीची. नाण्यांची पारख करून तिजोरीत भरणारा तो पोतदार. पारखी, सराफ, टाकसाळे ही आडनावं वेगळी सांगायला नकोत. कुठल्या काळी आपल्या समाजात नाण्याच्या खरेखोटेपणावर माणसांची पोटं चालत होती, ती आडनावं होऊन अजून चालताहेत.

आता आबांच्या खऱ्या गोष्टीकडे येते.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, हैदराबाद झालं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस निजामानं भारत सरकारशी 'जैसे थे' करार केला आणि थोड्याच दिवसांत वटहुकूम काढला की भारताचं चलन आमच्या राज्यात चालणार नाही. दिल्लीला हा कराराचा भंग वाटला. आबांना तो उजव्या कशावर आलेला घाला वाटला. आडत्याकडून मिळालेले कलदार घेऊन हद्द ओलांडायची म्हणजे आता धास्ती. त्या काळात बार्शीच्या आसपास मुक्तिसंग्रामातल्या तरुणांचे कॅम्प होते, आणि इकडे गावोगाव रझाकारांचा फेरा. नाक्यावर झडती घेताना कशात कलदार सापडले तर माणूस कोणत्या बाजूचा हे ठरून जायचं. आबा म्हणायचे, "तोंडानं काही बोलू नये, कसाच बोलत होता."

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. पाच दिवसांत, १७ तारखेला, निजाम शरण आला. गावात गुढ्या उभारल्या. आणि त्याच आठवड्यात अफवा आली की निजाम गेला, आता त्याचा रुपयाही गेला. हाली मातीमोल होणार. ज्याच्याजवळ असेल त्यानं मिळेल त्या भावानं काढून टाका.

आबांच्या डाव्या कशात ७० हाली होते. बहिणीच्या लग्नासाठी दोन वर्षं साठवलेले. सात हालीला सहा कलदार या हिशेबानं त्यांचे ६० कलदार व्हायला हवे होते. बाजारात एक माणूस ४५ द्यायला तयार होता. आबांनी दिले. म्हणे उद्या ४५ सुद्धा मिळणार नाहीत.

आणि काही झालं नाही. हाली चालतच राहिला. १९५० मध्ये भारताचा रुपया त्याच्या जोडीला आला, तोही त्याच जुन्या सातास सहा या भावानं. १९५१ पासून नवा हाली पाडणं थांबलं, पण हातातला हाली चालतच होता. तो पुरता रद्द झाला १९५९ मध्ये. म्हणजे ज्या रुपयाला आबांनी मेलेला समजून विकलं, तो आणखी जवळजवळ अकरा वर्षं जगला. पंधरा रुपये गेले. सरकारनं नेले नाहीत, चोरानं नेले नाहीत, एका अफवेनं नेले. बहिणीचं लग्न झालं, पण मांडवात ठरलेल्या पाटल्या आल्या नाहीत. आबांनी ही गोष्ट १९८३ साली जाईपर्यंत सांगितली, आणि दर वेळी शेवटी म्हणायचे, "त्या दिवशी एखाद्या शिकलेल्या माणसाला विचारलं असतं तर."

म्हणून आबांनी माझ्या वडलांना शिकवलं.

अण्णांचा जन्म १९४५ चा. मराठवाड्यातल्या या पिढीच्या डोक्यावर चलनांचं जेवढं ओझं पडलं तेवढं महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या भागात पडलं नसेल असं मला मनापासून वाटतं. पुण्यामुंबईच्या मुलांना १ एप्रिल १९५७ ला आण्यावरून नव्या पैशावर यायचं होतं, एवढंच. अण्णांच्या घरात त्या वेळी हाली होते, कलदार होते, स्वतंत्र भारताचे सिंहमुद्रेचे रुपये होते आणि त्यात आले नये पैसे. बारा वर्षांच्या पोरानं शाळेतून कोष्टक पाठ करून आणलं: एक आणा म्हणजे सहा नये पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस, चार आणे म्हणजे पंचवीस. आजी विचारायची, "एकाचे सहा, तर तिनाचे अठरा व्हायला पाहिजेत, एकोणीस कसे रे?" अण्णा तिला समजावून सांगायचे की आणा खरं तर सव्वासहा पैशांचा आहे, जिथं अपूर्णांक राहतो तिथं जवळचा आकडा धरायचा. आजीला ते पटलं नाही. तिनं दुकानदाराकडून एकेक आण्याचा जिन्नस वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली. तीन वेळा एकेक आण्याची साखर घेतली तर अठराच पैसे होतात, एकदम घेतली तर एकोणीस. या एका पैशासाठी ती तीन फेऱ्या मारायची.

आजीच्या देव्हाऱ्यात एक शिवराईही होती. तांब्याची, झिजून गुळगुळीत झालेली, 'छत्रपति'मधलं एखादं अक्षर बोटाला लागेल एवढीच उरलेली. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या निमित्तानं, १६७४ मध्ये पाडायला सुरुवात केलेलं हे नाणं पेशवाई बुडाल्यावरही दख्खनच्या खेड्यांत कितीतरी काळ पैसा म्हणून चाललं. ज्यांचं राज्य त्यांचं नाणं हे खरं, पण राज्य गेल्यावरही लोकांनी एखादं नाणं चालू ठेवलं तर ते चालतं. शिवराईला लोकांनी चालवलं. हालीला आबांनी, स्वतःच्या हातानं, अर्ध्या वाटेत सोडलं.

चांदीचा रुपया वजनाला बरोबर एक तोळा, १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम. म्हणून आमच्याकडे 'रुपयाभार' हे वजनच होतं. वैदू औषध रुपयाभार द्यायचा, आणि शेर म्हणजे ऐंशी रुपयांचा भार. अशा लोकांना पुढं १९४० मध्ये निम्म्या चांदीचा रुपया हातात मिळाला, १९४७ मध्ये चांदीचा कणही नसलेला निकेलचा. आजोबांची पिढी रुपया हलका झाला म्हणून हळहळली. पण रुपया धातूच्या किमतीवर चालणं त्याआधीच संपलं होतं. १८९३ पर्यंत कुणीही मुंबईच्या टांकसाळीत चांदी नेऊन तिचे रुपये पाडून आणू शकत होता. त्या वर्षी सरकारनं टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि तेव्हापासून रुपयाची किंमत त्याच्या अंगच्या चांदीपेक्षा जास्त झाली.

या सगळ्या प्रकरणाचा सांगोपांग अभ्यास केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा परदेशी हुंडणावळीचा दर स्थिर ठेवण्याच्या नादात देशातल्या माणसाला त्या रुपयात काय विकत मिळतं याकडे दुर्लक्ष होतं, हा त्यातला मुद्दा आजही वाचावा असा आहे. पुढं हिल्टन यंग आयोगापुढंही त्यांनी साक्ष दिली. या आयोगाच्या शिफारशींतून १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक आली. रुपयाबद्दल एवढा खोल विचार केलेल्या या माणसाची मुद्रा २०१५ मध्ये, त्यांच्या १२५ व्या जयंती वर्षात, दहाच्या नाण्यावर आली. ६ डिसेंबरला ते नाणं प्रसिद्ध झालं. आणि आमच्या बाजारात दीड वर्षानं तेही परत ढकललं जात होतं. हे मला त्या भाजीवालीच्या नकारापेक्षा जास्त लागलं.

आता या नाण्याविषयी थोडं सांगते. दोष नाण्याचा नव्हता हे दाखवायचं तर नाणं ओळखलं पाहिजे.

दोन धातूंचं, कडं एका रंगाचं आणि पोट दुसऱ्या रंगाचं, असं रोजच्या व्यवहारातलं आधुनिक नाणं पहिल्यांदा इटलीनं आणलं, १९८२ मध्ये. पाचशे लिराचं. कडं पोलादी, मध्ये पिवळट. त्याच्यावर किंमत ब्रेल लिपीतही उठवलेली होती. पुढं फ्रान्सनं दहा फ्रँकचं, थायलंडनं दहा बाहतचं, कॅनडानं दोन डॉलरचं, ब्रिटननं दोन पौंडांचं नाणं तसं केलं. युरोची एक आणि दोनची नाणीही त्याच घराण्यातली. हे सगळे देश सुंदर दिसतं म्हणून एवढी खटपट करत नव्हते. मोठ्या किमतीचं नाणं लहान नाण्यापेक्षा चटकन वेगळं ओळखता यावं आणि त्याची नक्कल अवघड व्हावी हे दोन हेतू. एका धातूची चकती कुणीही कापू शकेल. दोन वेगळ्या धातू एकमेकींत अशा बसवायच्या की वर्षानुवर्षं हातोहात फिरून, पडून, आपटून त्या सुटता कामा नयेत, हे घरगुती साच्याचं काम नाही. कडं वेगळं कापतात, मधली चकती वेगळी. चकती कड्याच्या भोकात ठेवतात आणि दोन्हींवर एकाच वेळी ठशाचा प्रचंड दाब पडतो. दाबाखाली धातू पसरते, एकीची कड दुसरीत घुसून अडकते. डाग नाही, चिकटवण नाही.

आपल्याकडे दहाचं नाणं २००५ सालाचा शिक्का घेऊन तयार झालं आणि लोकांच्या हातात आलं २००९ मध्ये. त्याआधी दहा रुपयांचं नाणं नव्हतं असं नाही. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला चांदीचं निघालं होतं, पण ते पेटीत ठेवायचं. हे खिशातलं. व्यास २७ मिलिमीटर, वजन ७.७१ ग्रॅम. कडं ॲल्युमिनियम ब्राँझचं, म्हणजे शंभरात ९२ भाग तांबं, ६ ॲल्युमिनियम, २ निकेल. मधली चकती न गंजणाऱ्या पोलादाची. पहिल्या नाण्यावर एकातून चार दिशांना गेलेली आकृती होती, 'विविधतेत एकता' दाखवणारी. काहींना त्यात क्रूस दिसला आणि वाद झाला. मग आलं किरणांचं चित्र, पंधरा रेघांचं. २०१० च्या जुलैत रुपयाला स्वतःचं चिन्ह मिळालं. ते काढणारे डी. उदयकुमार पवईच्या आयआयटीत संशोधन केलेले. २०११ च्या नाण्यावर ते चिन्ह आलं, आणि चित्र बदलून किरणं दहा झाली. या दहा-पंधराच्या मध्येच सगळी भानगड.

लोकांनी हातात दोन वेगळी चित्रं पाहिली, एकावर रुपयाचं चिन्ह, एकावर नाही, आणि ठरवलं की एक खरं असलं तर दुसरं खोटं असणार. त्यात ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी झाली. रात्रीत पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या हे पाहिलेल्या माणसाला दहाचं नाणं जाईल हे सांगायला फार पटवावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेनं त्याच महिन्यात खुलासा केला. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा केला की आजवर दहाच्या नाण्याचे १४ वेगवेगळे नमुने निघाले आहेत आणि सगळेच कायदेशीर आहेत. खुलासा बाजारात अफवेच्या मागून पोचला. बऱ्याच ठिकाणी पोचलाच नाही.

मला आणखी एक कारण दिसतं. ते मला कुठं वाचायला मिळालं नाही, अण्णांकडून मिळालं. त्या दिवशी बाजारातून परत आल्यावर त्यांनी दहाचं नाणं ओसरीच्या शहाबादी फरशीवर टाकलं, आबांचा सराफ टाकायचा तसं. आवाज बद्द आला. मग देव्हाऱ्यातला आबांचा एक उरलेला कलदार आणून टाकला. तो खणकन वाजला, आणि भिंतीला टेकून पडेपर्यंत वाजत राहिला. "आपल्या लोकांचा कान या आवाजावर वाढलेला," अण्णा म्हणाले. "खणखणीत नाणं म्हणतो ना आपण. हे दोन तुकड्यांचं. वाजणार कसं? वाजत नाही म्हणून खोटं वाटतं." धातूची परीक्षा कानानं करण्याची सवय शेकडो वर्षांची. ती एका पिढीत जात नाही.

अण्णांनी घरातलं मापटं काढलं. धान्य मोजायचं जुनं पितळी मापटं, त्यात ते पेन्शन आणताना, एसटीत, दुकानात मिळालेली दहाची नाणी टाकत आले होते. १४० निघाली. गावातल्या एका ओळखीच्या माणसाला हे कळलं, तर तो संध्याकाळी आला. चहा घेतला. मग म्हणाला, "गुरुजी, तुमचं नुकसान व्हायला नको. दहाला आठ देतो. मी लावीन कुठंतरी पलीकडं."

दहाला आठ. मी अण्णांच्या तोंडाकडे पाहत होते. सत्तर वर्षांनी तोच सराफ ओसरीवर येऊन बसला होता.

"पंधरा रुपये एकदा गेलेत आमच्या घरातून," अण्णा म्हणाले. "आता एक रुपया जाणार नाही." त्या माणसाला याचा काहीच अर्थ लागला नाही. तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी अण्णा नाणी घेऊन बँकेत गेले. मोजायला माणूस नाही, पुढच्या आठवड्यात या, असं उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यातही मिळालं. बँकांनी नाणी स्वीकारलीच पाहिजेत हे रिझर्व्ह बँकेनं पुन्हापुन्हा बजावलेलं आहे, आणि सामान्य माणसाचा अफवेवर विश्वास बसतो तो अशा खिडकीपाशीच. बँकच घेत नाही म्हटल्यावर भाजीवालीनं का घ्यावं? तिला दोष देण्याचा मला अधिकार वाटत नाही. तिचे दिवसाचे दोनशे रुपये दहाच्या नाण्यांत अडकले तर उद्याचा माल कशानं भरणार? चौथ्या फेरीत बँकेनं नाणी घ्यायचं कबूल केलं, तेव्हा अण्णांनी दिली नाहीत. "मला बँकेत भरायची नाहीत," म्हणाले. "मला ती बाजारात चालवायची आहेत."

आणि त्यांनी चालवली. पाटावर सगळी नाणी मांडून त्यांनी आधी छाप वेगळे केले. १४ पैकी ११ आमच्या मापट्यात निघाले. एकेका छापाचं एकेक नाणं पुठ्ठ्यावर चिकटवलं, खाली मास्तरांच्या वळणदार अक्षरात साल लिहिलं. सालाच्या खाली टांकसाळीची खूणही असते हे मला तेव्हा कळलं. चौकट असली तर मुंबईची, टिंब असलं तर नोएडाची, तारा असला तर हैदराबादची, काहीच नसलं तर कोलकात्याची. अण्णा ताऱ्याच्या नाण्यावर बराच वेळ भिंग धरून बसले होते. आबांचा चारमिनारचा हाली ज्या हैदराबादच्या टांकसाळीतून आला, तिचीच ही खूण. आता तिथून सिंहमुद्रेचा दहाचा निघतो. भिंग ठेवताना ते म्हणाले, "आबांना दाखवायला पाहिजे होतं." मला तर त्या नाण्यात आबांचे दोन्ही कसे दिसतात, डावा आणि उजवा, एका दाबात एकमेकांत बसलेले.

पुठ्ठा घेऊन ते दर बाजारी जायचे. भांडले नाहीत. शाळेत शिकवल्यासारखं प्रत्येक विक्रेत्यासमोर बसून सांगायचे. पुढच्या वर्षी १४४४० हा क्रमांक निघाला, त्याच्यावर फोन लावला की तो कटतो आणि उलट फोन येऊन दहाच्या नाण्याची माहिती ऐकू येते. अण्णा तो आवाज मोठा करून अख्ख्या भाजीबाजाराला ऐकवायचे. ज्या बाईनं पहिल्यांदा नाणी ढकलली होती तिला त्यांनी एक तोड सांगितली: "तू माझ्याकडून घे. आठवडाभरात कुणी तुझ्याकडून घेतलं नाही तर मला परत दे, मी नोट देईन." तिनं घेतलं. पहिल्या आठवड्यात सहा नाणी परत आली, अण्णांनी नोटा दिल्या. दुसऱ्या आठवड्यात दोन. तिसऱ्या आठवड्यात तिनं स्वतःहून सुट्या पैशांत दहाचं नाणं अण्णांच्या हातावर ठेवलं आणि हसली.

२०१९ च्या मार्चमध्ये नाण्यांची नवी मालिका आली, अंध माणसांना हातानं ओळखता यावीत अशी आखलेली. त्यात पहिल्यांदाच वीसचं नाणं, बारा कोनांचं, तेही दोन धातूंचं, कडं पांढरं आणि पोट पिवळं, त्यावर धान्याची कणसं. ते बाजारात पुढच्या वर्षी दिसू लागलं. आमच्या गावात त्याला कुणी नाही म्हटलं नाही. अण्णा आता ऐंशीच्या पुढं आहेत, बाजारात जाणं होत नाही, पण पुठ्ठा भिंतीला टांगलेला आहे.

मराठवाड्यात, विदर्भात, कुठंकुठं मी अजूनही ऐकते की दहाचं नाणं घेत नाहीत. नाणे कायदा २०११ प्रमाणे रुपया आणि त्यावरच्या किमतीची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत कायदेशीर आहेत, म्हणजे दहाची शंभर नाणी कुणीही कुणालाही देऊ शकतो. तुमच्या हातावर कुणी ते ठेवलं तर रेघा मोजू नका, घ्या. आणि समोरच्यानं नाही म्हटलं तर वाद घालून निघून जाऊ नका. तिथं थोडं बसा, त्याला हैदराबादचा तारा दाखवा, मुंबईची चौकट दाखवा, आणि नाहीच घेतलं तर पुढच्या बाजारी पुन्हा तेच नाणं घेऊन जा.